पेटीतला पंखा

अर्लीन पोस्पिशिलने आधी एसी बंद केला, मग खिडकी घट्ट लावली, आणि मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून टेबलावर ठेवला.

"आता माझाही सेल काढ," दारात उभा असलेला तिचा नवरा डेल्मर म्हणाला. "माझ्या श्वासाचा त्रास होत असेल."

"तुझा सेल कधीच उतरलाय. जा आता, सुनावणी सुरू होईल."

"एसी तरी राहू दे गं. बाहेर मक्याची पानं वळायला लागलीत उन्हानं."

"एसी घरघरतो. आज मला एकही शब्द चुकवायचा नाहीये, डेल्मर. आज लोरेटा आहे."

हे नाव ऐकल्यावर डेल्मरने वाद घातला नाही. त्याने दार हळूच ओढून घेतलं.

अर्लीनचं काम तसं साधं होतं, पण पाहणाऱ्याला जादूसारखं वाटे. कोणी बोललं की ते ती त्याच क्षणी लिहून दाखवायची. तिच्यापुढे लघुलेखनाचं छोटं यंत्र असे. त्याच्या पट्ट्या एकेक करून दाबायच्या नसतात. पेटी वाजवणारा जसे तीनचार सूर एकदम धरतो, तशा धरायच्या, म्हणजे अख्खा शब्द उमटतो. यंत्रातून तो लॅपटॉपमध्ये जाई, लॅपटॉप त्याची नीट अक्षरं करी, आणि ती अक्षरं ऐकू न येणाऱ्या कुणाच्या तरी पडद्यावर जाऊन पोचत. हे सगळं माणसाचं वाक्य संपता संपता व्हायला हवं. तिच्या धंद्याचा नियमही साधा होता: कानावर पडेल ते सगळं लिहायचं, स्वतःच्या मनातलं काही लिहायचं नाही, आणि मध्ये बोलायचं तर नाहीच.

लोरेटा टीटगेनला चाळिशीत ताप आला होता. ताप उतरला, पण ऐकणं परत आलं नाही. खाणाखुणांची भाषा ती कधी शिकली नव्हती. ती बोलायची पूर्वीसारखीच, स्पष्ट आणि जरा मोठ्याने. पण समोरच्याचं बोलणं तिला वाचूनच कळे. तिच्या घरी ओपल नावाची सहा वर्षांची मुलगी राहत होती. ओपलची आई गेल्यावर कोर्टाने तात्पुरती सोय म्हणून तिला लोरेटाकडे ठेवलं होतं, आणि त्या तात्पुरत्या सोयीतच मुलीचे दुधाचे दात पडायला लागले होते. आता लोरेटाला तिला कायमची आपली करायची होती. पण वायोमिंगमध्ये राहणारा ओपलचा मामा मध्ये आला होता. त्याच्या वकिलाचं म्हणणं एकच होतं: जिला हाक ऐकू येत नाही, तिच्या हाती लहान मूल कसं द्यायचं?

त्याचा निकाल आज लागायचा होता. न्यायाधीश कोर्टात, मामाचा वकील त्याच्या कचेरीत, लोरेटा तिच्या स्वयंपाकघरात आणि अर्लीन इथे, नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांमधल्या आपल्या बंद खोलीत.

अर्लीनच्या टेबलावर तीन मॉनिटर होते. डावीकडच्यावर सगळ्यांचे चेहरे, कारण ओठ दिसले की शब्द पकडायला सोपं जातं. मधल्यावर तिची स्वतःची अक्षरं. उजवीकडचा मोठा मॉनिटर डेल्मरने नुकताच आणून जोडला होता. त्यावर तिने आजच्या खटल्यातली नावं, डॉक्टरांचे शब्द आणि गावांची नावं मांडून ठेवली होती. ऐकायचं आणि बोलायचं मात्र टेबलावरच्या फोनवरून, कारण फोनचा आवाज जास्त स्वच्छ येतो.

लॅपटॉप कुठेच दिसत नव्हता. तो टेबलाखाली पेटीत होता.

ही पेटी डेल्मरची कारागिरी. लॅपटॉपच्या पंख्याचा तो सूंऽऽ असा आवाज अर्लीनच्या कानांत सतत टोचायचा. स, श, फ असली बारीक अक्षरं त्यात विरघळून जायची. मग डेल्मरने अक्रोडाच्या लाकडाची पेटी केली, आतून जुन्या गालिच्याचे तुकडे चिकटवले, वायरी जायला मागे भोक ठेवलं आणि तिच्या वाढदिवसाला तिच्यापुढे ठेवली. लॅपटॉप मिटून आत ठेवायचा, झाकण लावायचं. पंखा ऐकूच येईनासा झाला. अर्लीनने ओळखीच्या प्रत्येकाला ती पेटी दाखवली होती.

फोनच्या हेडफोनमधून लोरेटाचा आवाज आला. "माझे कान जागे आहेत ना?"

सुनावणीआधी ती दर वेळी हेच विचारायची. अर्लीनच्या बोटांनी उत्तर उमटवलं: जागे आहेत. डाव्या मॉनिटरवर लोरेटाने ते वाचलं आणि हसून निळ्या पोलक्याची कॉलर नीट केली.

न्यायाधीश हॉल्व्हर्सन पडद्यावर आल्या. पांढरे केस मागे ओढून बांधलेल्या, नजर शांत. "मिस टीटगेन, अक्षरं दिसताहेत तुम्हाला?"

"लख्ख दिसताहेत, मॅडम."

"बरं. मिस्टर मॅक्आर्डल, तुमचे प्रश्न."

मॅक्आर्डल हा मामाचा वकील. लांब हनुवटीचा, चटचट बोलणारा. "मिस टीटगेन, घरात आग लागली, भोंगा वाजला. तुम्हाला कसं कळणार?"

"भोंग्याला दिवा जोडलाय. गादीखाली एक चकती आहे, ती गादी गदगदा हलवते. मागच्या हिवाळ्यात माझा टोस्ट करपला तेव्हा मी ओपलला काखोटीला मारून अंगणात पोचलेसुद्धा. झोपायच्या कपड्यांत. शेजाऱ्यांनी तो विषय अजून सोडलेला नाही."

न्यायाधीशांच्या ओठांची कड हलली. अर्लीनला बरं वाटलं. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. मध्ये कुठे फट नाही. बोलणं सहज चाललं होतं, आणि ते सहज चालणं हाच लोरेटाचा खरा पुरावा होता.

खोली तापत चालली होती. अर्लीनच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता. दूर कुठेतरी बारीक गुणगुण चालू होती. शेजारच्या शेतावर पाण्याचं इंजिन लावलं असेल, असं तिला वाटलं. या दिवसांत सगळीकडे तेच तर चालू असतं.

"ओपलचा डॉक्टर कोण आहे?" मॅक्आर्डलने विचारलं.

अर्लीनची बोटं खाली गेली. मधल्या मॉनिटरवर काही उमटलं नाही.

मग उमटलं. सगळं वाक्य एकदम, अडकलेलं दार धाडकन उघडावं तसं.

लोरेटा पडद्याकडे बघत थांबली होती. वाचल्यावर म्हणाली, "डॉक्टर व्हिटेक. गावातल्या दवाखान्यातले."

"साधा प्रश्न होता," मॅक्आर्डल गोड आवाजात म्हणाला. "विचार करावा लागला तुम्हाला."

अर्लीनने ते लिहिलं. ते लोरेटापर्यंत पोचायला आधीपेक्षा जास्त वेळ लागला. तोवर पुढचा प्रश्न येऊन गेला होता. लोरेटाने आधी "विचार नाही, वाचत होते" असं सांगितलं, आणि ते भलत्याच ठिकाणी पडलं. न्यायाधीशांनी भुवया उंचावल्या आणि समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं.

इंटरनेट असेल, अर्लीनच्या मनात आलं. पण इंटरनेट अडलं की चेहरे आधी गोठतात. इथे तर सगळंच जड झालं होतं. चेहरे तुटक तुटक हलत होते आणि मधल्या मॉनिटरवर तिची स्वतःची अक्षरंसुद्धा अडखळत उमटत होती.

मग तिला वास आला. गरम धुळीचा आणि त्याच्याखाली जुन्या गालिच्याचा, इस्त्री जास्त वेळ टेकवली की येतो तसा.

ती गुणगुण शेतातून येत नव्हती. ती तिच्या पायापाशी होती.

तिला सगळं एकदम समजलं. एकटा लॅपटॉप तीन तीन मॉनिटरांवरची चित्रं रंगवत होता, तेही मिटलेल्या अवस्थेत, गालिचा लावलेल्या पेटीत, एसी बंद असलेल्या खोलीत. रंगकाम जितकं जास्त तितका तो तापतो. तापला की पंखा जोरात फिरतो. पण पंखा पेटीतलीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत असेल तर तो बिचारा काय करणार? मग लॅपटॉप स्वतःला जाळून न घेण्यासाठी कामाचा वेगच उतरवतो. पंखा आवाज करत होता तो उगीच नव्हता. तो सांगत होता. आणि आपण त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं.

हात मोकळे असते तर पेटी उघडणं हे चुटकीसरशी होणारं काम. पण तिचे दोन्ही हात यंत्रावर होते. हात काढले की लोरेटा ठार बहिरी. जीभही मोकळी नव्हती. कानाने दुसऱ्याचं ऐकत, बोटांनी ते लिहीत असताना तोंडाने तिसरंच बोलता येत नाही. उरले पाय.

अर्लीनने भिंतीला लाथ मारली. मग आणखी एक, जोरात.

दार किलकिलं झालं. डेल्मरचं डोकं आत आलं, पाठोपाठ कोलाचीची बशी. जर्दाळूचा मुरंबा भरलेल्या त्या गोल पावांचा घमघमाट खोलीत शिरला.

"आत्ताच काढलेत," तो कुजबुजला. "लाथा कशाला मारतेस? हाक मारायची."

अर्लीनने हनुवटीने टेबलाखाली दाखवलं.

"तिथे ठेवू?"

तिने जोरजोरात मान हलवली. पुन्हा हनुवटी.

"पेटी? छान झालीय ना? मी म्हणतच होतो, गालिच्याऐवजी नमदा घातला असता तर—"

कानात मॅक्आर्डल बोलत होता. "ओपल तुमच्याकडे स्वतःच्या खोलीत झोपते का?"

अर्लीनने लिहिलं. मधल्या मॉनिटरवर काही नाही.

"मिस टीटगेन? असो. दुसरं विचारतो. ओपल हाक मारतेय आणि तुम्हाला कळलंच नाही, असं कधी झालंय?"

अर्लीनने तेही लिहिलं. आणि नेमक्या त्याच क्षणी पहिल्या प्रश्नाची अक्षरं मॉनिटरवर उमटली.

लोरेटाचा चेहरा उजळला. सोपा प्रश्न होता. "हो, रोज!" ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून!"

न्यायाधीशांनी हातातलं पेन थांबवलं.

"रोज," मॅक्आर्डल सावकाश म्हणाला. "मॅडम, हे नोंदीत यावं. मुलगी हाक मारते आणि यांना कळत नाही. रोज. पहिल्या दिवसापासून. हे मी म्हणत नाहीये."

अर्लीनने डेल्मरकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. पण एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने ती नजर क्वचितच पाहिली असेल. त्याने बशी जमिनीवर ठेवली, गुडघ्यांवर बसला आणि पेटीला हात लावला.

"अगं आई गं! तव्यासारखी तापलीय ही!"

त्याने झाकण काढलं. गरम हवेचा झोत बाहेर आला, आणि त्याबरोबर आवाज. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर ऐकू येतो तसा, कर्कश, खोलीभर. डेल्मर क्षणभर त्या पेटीकडे बघत राहिला. आतल्या गालिच्याची एक कड तपकिरी झाली होती. तो उठून पळतच गेला आणि कोलाची थंड करायची तारेची जाळी घेऊन आला. लॅपटॉप दोन्ही हातांनी, अंगावर निजलेलं पोर उचलावं तसा अलगद काढून त्याने जाळीवर ठेवला, उघडला आणि डोक्यावरची बियाण्यांच्या दुकानातली टोपी काढून वारा घालायला लागला.

"मॉनिटर काढू? कुठला? हा मोठा?"

अर्लीनने होकारार्थी मान डोलावली. उजवा मॉनिटर काळा झाला. नावं गेली, डॉक्टरांचे शब्द गेले. आता जे डोक्यात असेल तेच.

"आणि हा?"

डाव्या मॉनिटरवर लोरेटाचा चेहरा होता. तिच्याकडे दुसऱ्या प्रश्नाची अक्षरं नुकतीच पोचली असावीत. खरा प्रश्न कोणता होता ते तिला आत्ता कळत होतं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. "नाही," ती म्हणाली. "नाही, नाही, मी ते—"

"मिस टीटगेन, माझं बोलणं चालू आहे," मॅक्आर्डल म्हणाला.

"तुमची पाळी येईल," न्यायाधीश म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, पण दमलेला होता. "आधी त्यांचं होऊ द्या."

लोरेटाची वकील तरुण होती. ती कोर्टात, अक्षरं न दिसणाऱ्या जागी बसली होती आणि आपल्या अशिलाने हे काय सांगितलं म्हणून भांबावून कागद उलटत होती.

"हा काढू का नको?" डेल्मरने वायर धरून विचारलं.

अर्लीनने डोळे मिटून मान डोलावली. लोरेटाचा चेहरा नाहीसा झाला.

आता एकच मॉनिटर उरला, अक्षरांचा. त्यावर अडकलेले शब्द भराभरा आले, ओळीमागून ओळ, आणि मग बोटांच्या बरोबरीने चालायला लागले. यंत्र सावरलं होतं. बोललेलं त्याच क्षणी पोचत होतं. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मॅक्आर्डल समारोप करत होता. त्याचे शब्द अर्लीनच्याच बोटांतून लोरेटाकडे जात होते. "यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, मॅडम. पण आज आपण सगळ्यांनी पाहिलं. साध्या प्रश्नाला उत्तर यायला किती वेळ लागतो, ते पाहिलं. उद्या ती मुलगी रस्त्यावर धावली तर एवढा वेळ कुणाकडे असणार आहे? आणि शेवटचं तर त्यांनी स्वतःच कबूल केलं."

अर्लीनने शब्दनशब्द लिहिला. कबूल केलं. हेही आपल्याच हातांनी लिहायचं होतं.

इतकी वर्षं ती कोर्टात असूनही कुठेच नव्हती. चांगल्या लिहिणारीची ओळखच ती: काचेसारखं असावं, आरपार दिसावं, काच दिसू नये. मध्ये तोंड घालणाऱ्या बाईला कोर्ट पुन्हा बोलावत नाही, हे तिने नव्या मुलींना स्वतः शिकवलं होतं. पण आज काच मळली होती आणि पलीकडची बाई मळकी दिसत होती. ते फक्त काचेलाच माहीत होतं.

"मला वाटतं मी पुरेसं ऐकलंय," न्यायाधीश हॉल्व्हर्सन म्हणाल्या.

अर्लीनने डावा अंगठा उचलला आणि फोनचा बंद केलेला माइक चालू केला.

पंख्याची किंकाळी कोर्टात घुसली. न्यायाधीशांच्या टेबलावरून, भिंतीवरच्या कर्ण्यांतून, मॅक्आर्डलच्या कचेरीतून.

"अरे देवा!" न्यायाधीश म्हणाल्या. "हा कसला आवाज? कोण आहे?"

"मॅडम, मी अर्लीन पोस्पिशिल. अक्षरं लिहिणारी." बोलता बोलता तिची बोटंही चालत होती, लोरेटाला हे कळायलाच हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःचंच बोलणं लिहीत होती आणि दोन्ही एकदम करताना जीभ बोटांच्या मागे धावत होती. "हा आवाज माझ्या लॅपटॉपच्या पंख्याचा आहे. तो तापलाय. त्यामुळे माझी अक्षरं मिस टीटगेनना उशिरा पोचत होती. त्या संथ नाहीत. मी संथ होते."

"माझी हरकत आहे," मॅक्आर्डल पंख्यावर आवाज चढवून ओरडला. "लिहिणारी बाई साक्षीदार नाही!"

"नाहीये," न्यायाधीश म्हणाल्या. "पण हे जे केकाटतंय ते मला ऐकू येतंय, मिस्टर मॅक्आर्डल. तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा." मग त्यांनी विचारलं, "मिस पोस्पिशिल, नेमकं काय उशिरा गेलं?"

"दोन प्रश्न लागोपाठ आले, मॅडम. ओपल स्वतःच्या खोलीत झोपते का, आणि ओपलची हाक कळली नाही असं झालंय का. मिस टीटगेननी उत्तर दिलं तेव्हा त्यांच्या पडद्यावर फक्त पहिला प्रश्न होता. 'रोज' हे उत्तर खोलीचं आहे. हाकेचं नाही."

"आणि हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

अर्लीनची बोटं एक ठोका चुकली. "आम्ही बोलायचं नसतं, मॅडम. मला वाटलं, आवाज न करता निस्तरता येईल."

डेल्मर टोपीने वारा घालतच होता, घामाने निथळत, डोळे अर्लीनकडे.

"तुम्हाला इथे नेमणाऱ्या कंपनीला माझं पत्र जाईल," न्यायाधीश अखेर म्हणाल्या. "त्यात काय लिहायचं ते मी नंतर ठरवीन. आता तुम्ही पुन्हा गप्प बसा आणि लिहा. तो पंखा मात्र चालू राहू दे. मिस टीटगेन, मीच विचारते. एका वेळी एक. ओपल हाक मारतेय आणि तुम्हाला कळलं नाही, असं कधी झालंय?"

अर्लीनने माइक बंद केला. प्रश्न बोटांखालून गेला आणि मधल्या मॉनिटरवर तत्क्षणी उमटला.

लोरेटा लगेच बोलली. "हो. एकदा."

नाही म्हण की बाई, असं अर्लीनला ओरडावंसं वाटलं. पण तिने लिहिलं ते एवढंच: हो. एकदा.

"सांगा," न्यायाधीश म्हणाल्या.

"ती कोंबड्यांच्या खुराड्यात अडकली होती. बाहेरून कडी पडली. मी भांडी घासत होते. ती किती वेळ ओरडली मला माहीत नाही, मॅडम. मी बाहेर गेले तेव्हा तिचा घसा बसला होता." लोरेटाने पुढचं भरभर सांगितलं. "त्या दिवसापासून मी तिच्या हाकेवर विसंबत नाही. ऐकू येणारी माणसं हाकेची वाट बघतात. मला हाक येतच नाही, म्हणून मीच सारखी जाऊन बघते. ती वैतागते. म्हणते, तू माझी सावली आहेस का? आणि घरात असलो की ती पाय आपटते. आमची जमीन लाकडी आहे. तिने पाय आपटला की मला इथे कळतं." बहुधा तिने छातीवर हात ठेवला असावा. अर्लीनला दिसत नव्हतं. "शेजारणीच्या पोराला हाक मारली तर तो तिसऱ्या हाकेला 'काय' म्हणतो. मी पहिल्याच आपटण्याला वळते."

मॅक्आर्डलने आणखी काही प्रश्न विचारले, आधीसारखेच चटचट. उत्तरंही चटचट आली. एकदा तर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत लोरेटाचं उत्तर तयार होतं, आणि त्यालाच "थांबा, मला संपवू द्या" म्हणावं लागलं.

न्यायाधीश उठून आत गेल्या. वाट बघायची वेळ आली. अर्लीनने बोटं सोडवली. डेल्मरने तिच्या तोंडाजवळ कोलाचीचा तुकडा धरला. तिने नको म्हणून हात केला.

"पेटी मी फोडून टाकतो," तो हळू आवाजात म्हणाला.

"फोडू नकोस. तिला आरपार भोकं पाड."

"भोकं पाडली तर आवाज येईल."

"येऊ दे रे. मी ऐकत जाईन."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अर्लीनचे हात यंत्रावर गेले. न्यायाधीश हॉल्व्हर्सन जास्त बोलल्या नाहीत, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबत होत्या, अक्षरांसाठी. मामाला सुट्टीत भाचीला भेटता येईल, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "या कोर्टाच्या मते, जी बाई हाक येण्याआधीच जाऊन बघते, तिच्याकडे मूल सुरक्षित आहे. दत्तक मंजूर."

अर्लीनने लिहिलं: दत्तक मंजूर. ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. पलीकडे ते वाचणाऱ्या बाईचा चेहरा तिला दिसत नव्हता.

"लावू का तो मॉनिटर?" डेल्मरने वायर उचलली. "एकदाच बघ तिला."

अर्लीनने मान हलवली. नको. अजून लॅपटॉप गरम होता आणि कुणी काही बोललं तर ते वेळेवर पोचायला हवं होतं.

हेडफोनमध्ये लोरेटाचा श्वास ऐकू येत होता, लांब, अडखळता. मग दार उघडल्याचा आवाज, कुठल्या तरी मोठ्या माणसाचं "अगं, थांब जरा, आत जाऊ नकोस", आणि मग लाकडी जमिनीवर धप, धप. इवल्या पायांचे, पण सगळा जीव लावून आपटलेले.

आवाजसुद्धा लिहायचे असतात, कंसात. अर्लीनने पट्ट्या धरल्या: (ओपल पाय आपटते आहे).

कंस पुरा व्हायच्या आतच लोरेटाचा आवाज आला, पडद्यापासून पाठ फिरवून बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा, लांबून.

"आले गं, पिल्ला. आले."